७ जुलै १९९६ : हल्क होगन खलनायक झाला

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातलं डेटोना बीच. डब्ल्यूसीडब्ल्यू या व्यावसायिक कुस्ती कंपनीच्या ‘बॅश ॲट द बीच’ या कार्यक्रमाचा मुख्य सामना सुरू होता. डब्ल्यूडब्ल्यूएफ ही प्रतिस्पर्धी कंपनी सोडून आलेले स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश डब्ल्यूसीडब्ल्यूवर चाल करून आले होते; त्यांच्यासमोर स्टिंग, लेक्स लुगर आणि रँडी सॅव्हेज. हल्लेखोरांचा तिसरा साथीदार कोण, हे मात्र गुपित होतं.

लुगर जखमी होऊन आधीच बाहेर गेला. मग होगन आला. लाल-पिवळ्या पोशाखातला, मुलांना प्रार्थना करा आणि जीवनसत्त्वं घ्या असं सांगणारा नायक मदतीला धावला, असंच सगळ्यांना वाटलं. पण त्यानं रिंगणात पडलेल्या सॅव्हेजवरच आपला प्रसिद्ध लेग ड्रॉप हा डाव टाकला! तिसरा साथीदार तोच होता. प्रेक्षकांनी पेले, बाटल्या, हाताला लागेल ते रिंगणात भिरकावलं. त्या कचऱ्यात उभं राहून होगननं जाहीर केलं : ही ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’.

कल्पना डब्ल्यूसीडब्ल्यूचा कारभार पाहणाऱ्या एरिक बिशफ यांची. जपानमध्ये न्यू जपान आणि यूडब्ल्यूएफआय या कुस्ती संस्थांमधल्या संघर्षाचं कथानक त्यांच्यासमोर होतं. कुस्तीचे निकाल ठरलेले असतात, पण इथे प्रेक्षकांचा संताप अगदी खरा होता. या कथानकाचं मोठं यश तेच.

‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ टोळीच्या काळ्या-पांढऱ्या टी-शर्टांची लाट आली. डब्ल्यूसीडब्ल्यूच्या ‘नायट्रो’ या टीव्ही कार्यक्रमानं प्रेक्षकसंख्येत डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ‘रॉ’ला सलग ८३ आठवडे मागे टाकलं. पुढे मात्र टोळीत माणसं वाढतच गेली, धार बोथट झाली आणि १९९८ मध्ये तिचे दोन गट पडले. मार्च २००१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली ती डब्ल्यूडब्ल्यूएफनंच.