सोपाऱ्याच्या आकाशातील आवाज

दूरदेशीचा शब्द झेलण्याची सवय सोपाऱ्याला फार प्राचीन काळापासून आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाचे धर्मादेश गिरनारला, धौलीला आणि पार वायव्येकडील शाहबाजगढीला पोहोचले, तसेच ते शूर्पारकासही पोहोचले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून लोक ओळखत असलेले टेकाड खणून येथील स्तूप उजेडात आणला. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा हाती लागला. नवव्या लेखाचा तुकडा पुढे १९५६ मध्ये भुईगावास सापडला. मजकूर एका ठिकाणी सिद्ध व्हावा, तो ठिकठिकाणी रवाना व्हावा आणि प्रत्येक ठिकाणच्या कारागिराने तो आपल्या हाताने, आपल्या लोकांसाठी दगडावर उतरवावा, अशी ती योजना होती. शाहबाजगढीस खरोष्ठी लिपी वापरली गेली, सोपाऱ्यास ब्राह्मी.

ह्या जुन्या गोष्टीची आठवण होण्यास कारण घडले ते आमच्या कपाटातील एक मुके यंत्र. गेल्या अर्धशतकात ह्याच सोपाऱ्याच्या छपरांवर आकाशातून जे आवाज उतरले आणि त्यांतील जे विरून गेले, त्यांचा हा छोटासा इतिहास आहे.

आमच्या लहानपणी आकाशातील आवाज म्हणजे आकाशवाणी. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, तर विविध भारतीचा जन्म ३ ऑक्टोबर १९५७ चा. मुंबई जवळ असल्याने मध्यम लहरींवरील कार्यक्रम वाडीतल्या बावखलाच्या काठीही स्वच्छ ऐकू येत. दूरचे ऐकावयाचे तर लघुलहरींकडे वळावे लागे. आखाती देशांतून परतणाऱ्या मंडळींनी आणलेले मोठे ट्रान्झिस्टर गास-निर्मळच्या ओसऱ्यांवर विराजमान होते. मार्कोनीने उभारलेले आणि १२ फेब्रुवारी १९३१ रोजी सुरू झालेले व्हॅटिकन रेडिओ केंद्र, तसेच मनिलाचे रेडिओ व्हेरितास, ही केंद्रे काही घरांत भक्तिभावाने लावली जात. आवाज लाटेसारखा जवळ येई, दूर जाई, खरखरीत बुडे. तथापि त्यात एक मोठी गोष्ट होती : ऐकणाऱ्याने कोणाची परवानगी मागावी लागत नसे. रेडिओच्या परवान्याचे शुल्क पोस्टात भरावे लागे खरे, परंतु १९८० च्या दशकात तेही रद्द झाले.

लघुलहरींची ही खरखर टाळण्याचा मार्ग आर्थर क्लार्क ह्या लेखकाने १९४५ मध्येच सुचविला होता. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्या गतीनेच फिरेल आणि म्हणून आकाशात एका जागी स्थिर दिसेल, हे त्याने दाखवून दिले. भारताने ह्याचा प्रत्यय १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या वर्षात घेतला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना दूरचित्रवाणी दाखविण्यात आली, आणि ती झेलण्यास कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या तीन मीटर व्यासाच्या छत्र्या वापरल्या गेल्या. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आमच्यापर्यंत उपग्रह पोहोचला तो ३० ऑगस्ट १९८३ रोजी अवकाशात गेलेल्या इन्सॅट-१बी नंतर.

इन्सॅटने आकाशवाणीचा संसार आतून बदलून टाकला. पूर्वी विविध भारतीचे कार्यक्रम ध्वनिफितींवर मुद्रित होऊन केंद्रोकेंद्री पाठविले जात. आता दिल्ली-मुंबईचा आवाज उपग्रहाकडे जाई, उपग्रहावरून केंद्रांवर उतरे आणि केंद्र तो आपल्या प्रक्षेपकावरून श्रोत्यांस ऐकवी. १८ मे १९८८ रोजी सुरू झालेली राष्ट्रीय वाहिनी दिल्लीत घडे, पण रात्री देशभर पसरे ती नागपूरच्या शक्तिशाली प्रक्षेपकावरून. केंद्रांसाठी असलेला हा पुरवठा घरातल्या श्रोत्यासाठी मुळीच नव्हता. पण पाऊस जसा नगरपालिकेच्या तलावाबरोबर आमच्या विहिरीतही पडतो, तशीच उपग्रहाची लहर त्याच्या छायेतील प्रत्येक छपरावर पडते. ती झेलण्यास भांडे तेवढे हवे.

ते भांडे नालासोपाऱ्यात आले केबलवाल्यांच्या हातून. १९९१ च्या आखाती युद्धाची चित्रे आणि त्याच वर्षी एशियासॅट-१ वरून सुरू झालेले स्टार टीव्ही ह्यांनी गच्चीगच्चीवर मोठ्या डिश उभ्या केल्या. इन्सॅटकडे वळलेली डिश जवळजवळ सरळ दक्षिणेकडे आणि उंच पाही. एशियासॅटकडे वळलेली पूर्व आणि आग्नेय ह्यांच्या मधोमध, तुंगारेश्वराच्या डोंगरावरून वर. त्या काळच्या यंत्रांना आवाजाची लहर बदलण्याची एक वेगळी कळ असे. चित्राबरोबरचा आवाज सोडून ती फिरवली की चित्राच्या कडेने प्रवास करणारा दुसराच एखादा ध्वनी सापडे. एका पावसाळी संध्याकाळी शेजारच्या केबलवाल्याच्या खोलीत आम्ही तो चमत्कार प्रथम अनुभवला. पडद्यावर एक नाच चालला होता आणि त्यामागून संथ आवाजात बातम्या वाचल्या जात होत्या. खरखर नाही, चढउतार नाही. निवेदक जणू पलीकडच्या खोलीत बसला होता. चोरून कोणाचे पत्र वाचावे तसा संकोच आणि आनंद आम्हांला एकदमच झाला.

आकाशातील लहरींवर हक्क कोणाचा, हा प्रश्न तेव्हा देशभर उभा होता. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की ध्वनिलहरी वाहून नेणारे हे आकाश सार्वजनिक मालमत्ता आहे आणि त्याचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे.

अशा वेळी वर्ल्डस्पेसचे आगमन झाले. इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारा ह्यांची ही कंपनी. २८ ऑक्टोबर १९९८ रोजी तिने आफ्रिकेसाठी आफ्रिस्टार व २१ मार्च २००० रोजी आशियासाठी एशियास्टार हे उपग्रह सोडले. मोठी डिश नको, केबलवाला नको. पुस्तकाएवढी एक चपटी अँटेना आणि ट्रान्झिस्टरसारखे यंत्र पुरे. शास्त्रीय संगीत, जुनी चित्रपटगीते, अनेक भारतीय भाषा, परदेशी वृत्तसेवा असे सारे काही खोलीत उतरू लागले. कंपनीची जाहिरात ए. आर. रहमान करीत. तिचे बहुतांश वर्गणीदार भारतातच होते.

नालासोपाऱ्यातून एशियास्टार क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर, म्हणजे अर्ध्या आकाशात असे. डोंगराचा अडथळा नसे, अडथळा होई तो आमच्या वाडीचा. ह्या लहरींना मोकळे आकाश लागते. नारळाच्या झावळ्या वाऱ्यावर हलल्या की गाणे तुटे. आमच्या वडिलांनी अँटेना खिडकीतून माडीवर आणि माडीवरून विहिरीच्या कठड्यावर नेली. उतारवयात त्यांचे बाहेर जाणे थांबले होते, त्यामुळे ते यंत्र म्हणजे त्यांचे जगच झाले. पुढे पूर्वेकडे इमारत उभी राहिली, तेव्हा पुन्हा नवी जागा शोधावी लागली.

आरंभी यंत्र घेतले की ऐकणे मोफत होते. नंतर वाहिन्यांना कुलूप लागले आणि वर्गणी भरणाऱ्यास किल्ली मिळू लागली. धंद्यास पैसा लागतो, त्यात गैर काही नाही. परंतु ह्या कुलपाने एक मूलभूत फरक केला. जुन्या ट्रान्झिस्टरचा मालक खरोखर मालक होता. ह्या यंत्राचा मालक फक्त त्याच्या खोक्याचा मालक होता. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा बंद झाली. लाखमोलाची यंत्रे घरोघरी धड होती, उपग्रहही आपल्या जागी होता. आवाज मात्र नव्हता.

त्यापूर्वीच, १६ डिसेंबर २००४ रोजी, दूरदर्शनने मासिक शुल्क न घेणारी डीडी डायरेक्ट प्लस ही सेवा सुरू केली होती. तिलाच आज डीडी फ्री डिश म्हणतात. तिच्या छोट्या छत्रीतून आकाशवाणीच्या अनेक वाहिन्या आजही दूरचित्रवाणी संचावर ऐकता येतात. एके काळी केंद्रांपुरता असलेला पुरवठा अशा रीतीने राजरोसपणे घरात आला. उलट रेडिओ व्हेरितासची लघुलहरींवरील सेवा २०१८ मध्ये थांबली आणि आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी २०१९ मध्ये. आता बहुतेक आवाज इंटरनेटवरून येतात, आणि त्यांचीही किल्ली दुसऱ्याच कोणाच्या हाती असते.

ह्या साऱ्या हिशेबात एक रकाना आम्हांला रिकामा दिसतो. आकाशातून आम्ही तेलुगू ऐकली, पंजाबी ऐकली, दूरदूरच्या देशांच्या बातम्या ऐकल्या. परंतु आमच्या घरात बोलली जाणारी कादोडी त्या यंत्रातून कधी ऐकू आली नाही. शेजारची वाडवळीही नाही. आम्हांला कान मिळाले, तोंड मिळाले नाही. ज्या संध्याकाळी वडील त्या यंत्रासमोर बसून गाणी ऐकत, त्याच संध्याकाळी ते मधूनच आवाज लहान करून आपल्या लहानपणीच्या बैलगाडीच्या, केळीच्या वखारींच्या गोष्टी कादोडीत सांगत. त्या मुद्रित करून ठेवाव्यात असे आम्हांला सुचले नाही. कॅसेटचे यंत्र त्याच कपाटात होते.

अशोकाचा आदेश सोपाऱ्यास टिकला, कारण येथील कोणा अनाम कारागिराने तो दगडावर उतरवून घेतला. वाचकहो, आपल्या घरी जुन्या ध्वनिफिती असतील, लग्नातील गाणी, आजीच्या कहाण्या, गावच्या नाटकातील संवाद त्यांत असतील, तर त्या बुरशीच्या स्वाधीन होऊ देऊ नका. त्यांच्या प्रती करून घ्या, कोणाचा आवाज आहे आणि कोणत्या साली घेतला ते वर लिहून ठेवा. आणि ज्यांचे वडीलधारे आज बोलत आहेत, त्यांनी ह्याच आठवड्यात त्यांच्याजवळ बसावे.