लेथवरचा हात आणि आकडा

सीएनसी लेथ आला आणि टर्नरचे कसब संपले, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. या यंत्राचा इतिहास वाचताना मला वेगळे दिसले. कारागिराचे काम यंत्राकडे सोपवण्याचे दोन मार्ग तेव्हा समोर होते.

पहिला मार्ग आकड्यांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मिशिगनमधील जॉन पार्सन्स यांच्या कारखान्यात हेलिकॉप्टरची पाती बनत. पात्याच्या वक्ररेषेवरचे बिंदू त्यांनी आणि फ्रँक स्टुलन यांनी पंचकार्डांच्या यंत्रावर गणित करून काढले. सुरुवातीला एक जण आकडे वाचून दाखवी आणि दोन कारागीर दोन दिशांची चाके फिरवत. १९४९ मध्ये हवाई दलाचे कंत्राट मिळाले आणि १९५२ मध्ये छिद्रांच्या कागदी पट्टीवर चालणारे मिलिंग यंत्र एमआयटीत दाखवले गेले. चाके फिरवणाऱ्या हातांची जागा मोटारींनी घेतली होती.

दुसरा मार्ग जनरल इलेक्ट्रिकने त्याच सुमारास आजमावला. कुशल कारागिराने पहिला नग हाताने करायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवायच्या आणि पुढचे नग यंत्राने तसेच काढायचे. व्यवस्थापनाला कामावरचा ताबा हवा होता म्हणून हा मार्ग मागे पडला, असे डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात मांडले. मला हे अर्धेच पटते. विमानाच्या भागांचे काही वक्र हाताने काढणेच अवघड होते. तिथे गणिताला पर्याय नव्हता. साध्या गोल नगांसाठी मात्र तो होता.

आकड्यांचे तेच तंत्र पुढे लेथवर आले. इथे एक्स म्हणजे व्यासाची दिशा, झेड म्हणजे लांबीची. सर्व्हो मोटर बॉलस्क्रू फिरवते, एन्कोडर जागा कळवतो, कंट्रोलर हवी ती जागा आणि प्रत्यक्ष जागा यांतला फरक भरून काढतो. पण टूलची धार झिजली, हे एन्कोडरला कळत नाही. २५ मिलिमीटरचा व्यास २५.०२ भरला, की ऑपरेटर मायक्रोमीटर लावून एक्सच्या ऑफसेटमधून ०.०२ वजा करतो. भोसरी असो वा शिरोली, अनेक शेडमध्ये आजही हे माणूसच ठरवतो. किती नगांनंतर मोजायचे, इन्सर्ट केव्हा बदलायचा, हेही तोच जाणतो.

‘नुसते बटण दाबायचे काम’ म्हणून त्याची मजुरी ठरवणाऱ्यांनी या दोन शतांश मिलिमीटरचा हिशेब आधी करावा.