कातळ, चकती आणि हात

यंत्रांचा इतिहास सांगताना आपण बहुधा यशापासून आरंभ करतो. बोगदा कोरणाऱ्या यंत्राच्या बाबतीत मात्र आरंभ एका फजितीपासून करावा लागतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील हूसॅक डोंगरातून सुमारे साडेसात किलोमीटरचा रेल्वे बोगदा काढण्याचे काम १८५१ मध्ये सुरू झाले. चार्ल्स विल्सन यांचे वाफेवर चालणारे अवजड यंत्र १८५३ मध्ये तेथील कातळाला भिडवण्यात आले. जेमतेम तीन मीटर कोरून ते थांबले. पुढचे काम छिन्नी-हातोडा, सुरुंग आणि नंतर नायट्रोग्लिसरीन यांनी केले. १८६७ मध्ये मधल्या विहिरीत आग लागून १३ मजूर मेले. १८७५ मध्ये पहिली गाडी धावेपर्यंत मृतांची संख्या दोनशेच्या आसपास गेली होती.

विल्सन यांची कल्पना चुकीची होती काय? माझ्या मते नाही. त्यांनी यंत्राच्या तोंडावर फिरत्या चकत्या बसवल्या होत्या. चकती कातळाला खरवडत नाही; ती त्याच्यावर दाब देत घरंगळते. तिच्याखालचा दगड चिरडतो, तडे आडवे पसरत शेजारच्या चकतीच्या खाचेपर्यंत जातात आणि मधला पापुद्रा सुटून पडतो. मात्र यासाठी एकेका चकतीवर कित्येक टनांचा भार हवा आणि तो सोसणारे पोलाद व धारवे हवेत. ते त्या काळाजवळ नव्हते. एखाद्या कल्पनेचे सत्य आणि तिचा मुहूर्त यांत केवढे अंतर असू शकते!

मधल्या काळात मऊ भूस्तरांत यंत्रे चालली. १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत इंग्लिश खाडीखालच्या खडूच्या थरातून ब्युमाँट यांच्या यंत्राने दीड किलोमीटरहून अधिक वाट कोरली. ते काम थांबले ते फ्रेंच सैन्य त्या वाटेने येईल या ब्रिटिश भयापोटी. यंत्राचा त्यात दोष नव्हता.

चकती परतली ती जेम्स रॉबिन्स यांच्या हातून, आणि तीही काहीशी अपघातानेच. दक्षिण डकोटातील ओआहे धरणाच्या शेलमध्ये १९५० च्या दशकारंभी त्यांचे यंत्र यशस्वी झाले होते. त्यात खरवडणारे दातही होते आणि चकत्याही. १९५६ मध्ये टोरांटोच्या हंबर नदीकाठच्या मलवाहिनीच्या बोगद्यात खडक अधिक कठीण लागला आणि दात वारंवार तुटू लागले. शेवटी ते काढून नुसत्या चकत्या ठेवून पाहिले, तर यंत्र पूर्वीइतकेच चालले! विल्सन यांना एकस्व मिळाले होते १८५६ मध्ये. बरोबर शंभर वर्षे. मुंबईच्या कुलाबा-वांद्रे-सीप्झ मेट्रोसाठी आपल्या बेसाल्टमध्ये उतरलेली १७ यंत्रेही याच कुळातली.

या वंशावळीत न बसणारा एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. उत्तराखंडमधील सिलक्यारा येथे १२ नोव्हेंबर २०२३ रोजी बांधकाम चालू असलेला बोगदा ढासळून ४१ मजूर आत अडकले. ढिगाऱ्यातून आडवी नळी सरकवण्यासाठी ऑगर यंत्र लावले गेले. येथे अखंड कातळ नव्हता. दगडमातीत लोखंडी कमानी आणि सळया गुंतल्या होत्या. त्यांत अडकून यंत्राची पाती तुटली, तेव्हा अंतर दहा-बारा मीटरच उरले होते. पात्यांचे तुकडे कापून बाहेर काढावे लागले.

मग १२ जणांना पाचारण केले गेले. एरवी शहरांच्या पोटात वाहिन्यांसाठी हाताने वाट काढणारी ही माणसे. नळीत वाकून एकाने खणायचे, दुसऱ्याने माती भरायची, बाहेरच्यांनी ती ओढून घ्यायची. याला यंत्रावर हाताचा विजय म्हणणे मला उथळ वाटते. बहुतेक अंतर यंत्रानेच कापले होते. पण सळई कोठे संपते आणि दगड कोठे सुरू होतो हे त्या बोटांना कळत होते, चकतीला किंवा पात्याला ते कळत नाही. २८ नोव्हेंबरच्या रात्री एकेचाळीसही जण बाहेर आले. ज्या ‘रॅट-होल’ पद्धतीने ते सुटले, तिने मेघालयात कोळसा काढण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्येच बंदी घातली होती. कारण त्या बिळांत माणसे मरत होती.