पित्ताला नवी वाट : आतड्याच्या एका टोकाचा इतिहास

१/ काही नवजात बालकांच्या यकृताबाहेरील पित्तनलिका बुजतात. या विकारास 'बिलियरी अट्रेसिया' म्हणतात. कावीळ उतरत नाही, शौच पांढरट होते आणि साचलेले पित्त यकृताचा नाश करते.

२/ यावरील उपायाचे मूळ जठराच्या शस्त्रक्रियेत आहे. १८९० च्या दशकात लोझान येथील सेझार रू यांनी लहान आतडे छेदून, त्याचे एक टोक जठराला जोडण्याची 'वाय' आकाराची रीत रूढ केली.

३/ १९५५ मध्ये जपानमधील सेंदाई येथे मोरिओ कासाई यांनी आतडे थेट यकृताच्या मुखाशी जोडले. पुढे त्यासाठी रू यांचीच रीत स्थिरावली.

४/ १९८९ मध्ये ब्रिस्बेन येथे रसेल स्ट्राँग यांनी आईच्या यकृताचा भाग बालकात यशस्वीपणे रोपला. अशा बालकांत दात्याच्या यकृतभागाची काही मिलिमीटरची नलिका आतड्याच्या त्याच टोकाला शिवतात. सांधा सुटला तर पित्त झिरपते. आवळला तर पुन्हा तुंबते.

५/ महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश यांच्या विधिमंडळांच्या ठरावांवरून संसदेने १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा केला. १९९८ मध्ये दिल्लीत पित्याच्या यकृताच्या भागाने याच विकाराचे वीस महिन्यांचे बालक वाचले.

६/ आजही कासाई शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाल्यास अधिक लाभते. म्हणून बिलोलीच्या घरात दोन आठवड्यांनंतरही बाळाची कावीळ टिकली, शौच पांढरट दिसले, तर विलंब परवडत नाही.