शेळीचे नाव, नारळाचे तेल

आपल्या मंडळात पाककृतींवर लिहिणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. मी यंदा एका तेलाचा इतिहास लिहिणार आहे. त्याला निमित्त झाले माझ्याच अज्ञानाचे.

2016 साली माझ्या भाचीच्या चार महिन्यांच्या मुलाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम पार पडली. पण चौथ्या दिवशी छातीतल्या नळीतून दुधासारखे पांढरे पाणी येऊ लागले. डॉक्टरीणबाईंनी अंगावरचे दूध तूर्त बंद करून निराळ्या स्निग्धाचे भुकटीचे दूध सुरू केले. त्या स्निग्धाचे मूळ नारळात आहे, एवढेच शब्द माझ्या कानी पडले, आणि दुसऱ्या दिवशी मी घाण्यावरच्या खोबरेल तेलाची बाटली घेऊन हजर! बाई हसल्या आणि म्हणाल्या, "हे मात्र देऊ नका हं." ते का, हे समजून घेताना पुढची हकीकत मला कळली.

स्निग्ध पदार्थ म्हणजे मेदाम्ले आणि ग्लिसरीन यांची सांगड. हे गूढ उकलले मिशेल यूजीन शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. 1823 सालच्या त्याच्या ग्रंथात लोण्यातून वेगळ्या काढलेल्या आम्लांचे वर्णन आहे. काहींना बोकडासारखा उग्र दर्प. म्हणून शेळीच्या लॅटिन नावावरून कॅप्रोइक, कॅप्रिक ही नावे पडली. दोहोंच्या मधले कॅप्रिलिक मागाहून सापडले. शेळीच्या दुधातील स्निग्धात ही तिन्ही गाईच्या दुधापेक्षा बरीच अधिक असतात. (शेव्हरल स्वतः 102 वर्षे जगला. त्यात लोण्याचा वाटा किती, ते त्यालाच ठाऊक!)

मेदाम्ल म्हणजे कर्बाच्या अणूंची माळच म्हणा ना. शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या तेलात ती बहुतेक सोळा-अठरा मण्यांची असते. ही मध्यम माळेची आम्ले सहा ते बारा मण्यांची. लांब माळेचे स्निग्ध आतड्यातून लसीकावाहिन्यांत शिरते आणि छातीतल्या एका नाजूक वाहिनीतून वर चढून रक्तात मिसळते. आमच्या बाळाची हीच वाहिनी दुखावली होती. दूध पाजावे तितके ते छातीत गळत होते. आठ-दहा मण्यांची आम्ले ती वाटच घेत नाहीत. आतड्यातून रक्तावाटे थेट यकृतात पोचतात.

मग खोबरेल का नको? त्याचा जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा. ते बारा मण्यांचे. गणना त्याची मध्यमात होते, पण बरेचसे जाते लांब माळेच्याच वाटेने. आठ आणि दहा मण्यांची आम्ले दोन्ही मिळून जेमतेम सातवा-आठवा हिस्सा.

हा हिस्सा वेगळा काढून पुन्हा ग्लिसरीनशी जोडण्याचे काम 1950 नंतरच्या दशकात अमेरिकेत झाले. त्यात विगेन बाबयान यांचे नाव घेतले जाते. कारखान्यांना खोबरेलातले लॉरिक हवे असे. आठ-दहा मण्यांचे उरे. त्या उरलेल्याचे औषधी तेल झाले. आपण ताकाच्या तळाशी राहिलेले लोणीसुद्धा वाया घालवत नाही, त्यामुळे मला हे फार आवडले. स्निग्ध न पचणाऱ्या रोग्यांना ते देऊ लागले. 1971 साली हुटेनलोखर यांनी अपस्माराच्या मुलांच्या आहारातही ते वापरले.

भाचीला सर्वांत लागले ते दूध बंद झाल्याचे. आईच्या दुधात दहा-बारा मण्यांची आम्ले थोडी असतात, ती स्तनातच तयार होतात; पण बाकीचे स्निग्ध लांब माळेचेच. "माझेच दूध त्याला बाधते का गं, मावशी?" असे ती विचारी. रोज दूध काढी आणि रुग्णालयाच्या शीतपेटीत नावाची चिठ्ठी लावून ठेवी.

नळीतले पाणी दहाव्या दिवशी थांबले. सहा आठवड्यांनी बाळाला पुन्हा अंगावर घेतले, तेव्हा ते आधी तोंड फिरवून बसले, आणि मग असे चिकटले की सुटेना. माझी खोबरेलाची बाटली भाचीच्या न्हाणीघरात गेली.