खानदेशातील भूमापन आणि नकाशाशास्त्राचे महाविद्यालयीन अध्ययन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांत भूगोल हा कला शाखेचा परिचित विषय आहे. त्याच्या प्रात्यक्षिकात शिकविल्या जाणाऱ्या भूमापनाला मात्र या प्रदेशात महाविद्यालयांहून जुना आणि संघर्षाचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा आजच्या अध्यापनाशी असलेला संबंध तपासला आहे.

मोजणी आणि रयतेचा विरोध :
१८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली आला. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर भागात सुरू केलेली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने नियमबद्ध झालेली मोजणीपद्धत पुढे येथेही लागू झाली. मोजणीची साखळी ३३ फुटांची व १६ आण्यांची असे. एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळे, जमिनीची प्रत ठरे आणि त्यावरून साधारणतः ३० वर्षांचा सारा आकारला जाई. मोजणी म्हणजे सारावाढ, अशी धास्ती शेतकऱ्यांत पसरली. १८५२ मध्ये सावदा, रावेर व चोपडा भागांत हजारो शेतकरी मोजणीविरुद्ध एकत्र आले. शासनाने लष्करी बळाने हा विरोध मोडून काढला व मोजणी पुढे रेटली. ज्या शेताचे क्षेत्र मोजले जात होते, त्या शेताच्या धन्याला ते मोजमाप पडताळता येत नव्हते, हे या संघर्षातील मूळ वैषम्य होय.

महाविद्यालयीन अध्ययन :
१९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम खानदेश असे विभाजन झाले. १९४५ मध्ये जळगावचे मुळजी जेठा व अमळनेरचे प्रताप महाविद्यालय स्थापन झाल्याने उच्च शिक्षण शेतकरी कुटुंबांच्या आवाक्यात येऊ लागले. दीर्घकाळ पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या येथील महाविद्यालयांसाठी १९९० मध्ये जळगाव येथे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. साखळी-फीत, समतलफलक व प्रिझमॅटिक होकायंत्र यांनी मोजणी करणे आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे वाचणे हा प्रात्यक्षिकाचा गाभा राहिला. २१° उत्तर अक्षवृत्त जळगावजवळून जात असल्याने १:५०,००० प्रमाणाच्या मालिकेत या परिसरासाठी एकाहून अधिक पत्रके जोडून पाहावी लागतात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने व २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशांची उपलब्धता अधिक खुली केली.

समारोप :
साधने बदलली, तरी बांधावरचे वाद व भूसंपादनाचे प्रश्न मोजणीपाशीच येऊन थांबतात. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. जुने टिपण व नवा गावनकाशा यांचा मेळ घालणे त्यामुळे अधिक अवघड झाले. विद्यार्थी समोच्च रेषा ओळखतो; स्वतःच्या शेताचे टिपण मात्र त्याला वाचता येतेच असे नाही. म्हणून स्थलनिर्देशक नकाशासोबत गावनकाशा, टिपण व आकारबंद यांचे वाचन प्रात्यक्षिकात समाविष्ट होणे अगत्याचे आहे. १८५२ मध्ये ज्या मोजणीची रयतेला धास्ती वाटली, ती पडताळून पाहण्याचे सामर्थ्य तिच्या वारसांना देणे, हे खानदेशातील भूगोल अध्यापनाचे ऐतिहासिक दायित्व ठरते.