बंदुकीकडून मतपेटीकडे

डिसेंबर 1942. कोल्हापूर संस्थानातल्या गारगोटीच्या सरकारी कचेरीवर ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या भूमिगतांनी हल्ला चढवला. सात जण हुतात्मा झाले.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात तर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकारच, म्हणजे ब्रिटिशांना समांतर सरकार, उभं राहिलं. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी लुटणारी तुफान सेना त्याचंच हत्यारी दल. गावोगावची न्यायदान मंडळं दरोडेखोर, सावकार, खबऱ्यांचा निवाडा करत. शिक्षा? तळपायांवर काठ्या. पुढं अपील कुठं करायचं, हा प्रश्न आजही अवघडच वाटतो.

1946 साली मुंबईत काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि भूमिगत उजेडात आले. लढा थांबला की दहशत संपतेच असं नाही; उत्तर आयर्लंडमध्ये 1998 च्या शांतता करारानंतरही हत्यारी गटांची गल्लीबोळांतली दहशत रेंगाळली. इथले बहुतेक म्होरके मात्र सभा, सहकार आणि निवडणुकांत शिरले. नाना पाटील 1957 ला साताऱ्यातून, 1967 ला बीडमधून लोकसभेत गेले. कोल्हापूरचे भूमिगत नेते रत्नाप्पा कुंभार संविधान सभेत बसले, पुढं पंचगंगा साखर कारखाना काढला. कुंडलच्या जी. डी. बापू लाड आणि वाळव्याच्या नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानंही कारखानेच उभे राहिले. आता हिशेब मागायला सभासद होते, वार्षिक सभेत, उसाच्या दरावरून, भर मांडवात.